दुरुस्तीतील चूक

एखादी चूक सापडली म्हणजे ती करणाऱ्याचे नाव घ्यावे की घेऊ नये, याविषयी आपल्या घरांतून दोन परस्परविरोधी शिकवणी एकाच तोंडाने दिल्या जातात. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणून एकीकडे विषय मिटवला जातो, आणि दुसरीकडे ‘ज्याने केले त्याने निस्तरावे’ असेही बजावले जाते. दोन्ही वचने सोयीप्रमाणे वापरली जातात. चूक आपली असली की पहिले आणि दुसऱ्याची असली की दुसरे, एवढाच काय तो नियम. या दोहोंपलीकडे एखादी तिसरी रीत असू शकते काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आहे. त्याचे उत्तर ज्या ठिकाणी मला दिसले ते ठिकाण आपल्या वाचकांस काहीसे परके वाटेल, म्हणून प्रथम त्याची ओळख करून देतो.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा निजामपुऱ्यातील आमच्या घरी चार दिवस राहावयास आला होता. संगणकाच्या कार्यप्रणालींचे काम हा त्याचा व्यवसाय. एका संध्याकाळी पाऊस कोसळत असताना तो म्हणाला, “मामा, तुमचा सारा जन्म बँकेत गेला. तुम्हांला एक गोष्ट सांगतो, ती तुम्हांला आमच्यापेक्षा लवकर कळेल.” ती गोष्ट २०२० सालच्या मार्च महिन्यातील आहे. त्या कामातील प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव आणि करण्याचे कारण यांची नोंद सर्वांस वाचावयास खुली असते. तेव्हा भाचा परत गेल्यावर मी ती नोंद स्वतः डोळ्यांखालून घातली.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स नावाचे कर्नेल लिहावयास घेतले. आज जगातील बहुसंख्य मोठे संगणक आणि अँड्रॉइडचे सारे मोबाइल फोन त्यावर चालतात, आणि हजारो माणसे त्यात भर घालीत असतात. कर्नेलच्या अनेक कामांपैकी एक काम फाइलींच्या कुलपांचे. दोन कारकुनांनी एकाच लेजरच्या एकाच पानावर एकाच वेळी लेखणी टेकवली तर जे होईल तेच संगणकात दोन प्रोग्राम एका फाइलीत एकदम लिहू लागले तर होते. म्हणून लिहिण्यापूर्वी प्रोग्रामने कर्नेलकडे त्या फाइलीचे कुलूप मागावे, मिळाल्यावर लिहावे आणि मग ते सोडून द्यावे, अशी रीत आहे. गमतीचा भाग असा की हे कुलूप सामान्यतः केवळ सल्ल्याचे असते. जो मागतच नाही त्याचा हात कर्नेल धरीत नाही. सक्तीच्या कुलपांची एक जुनी तरतूद होती, तीही २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. सारा व्यवहार सभ्य गृहस्थांच्या करारासारखा, मागणाऱ्यांच्या शिस्तीवर उभा आहे.

एकाच्या हाती कुलूप असताना दुसऱ्याने ते मागितले तर त्यास प्रतीक्षेच्या यादीत बसवले जाते. आमच्या काळच्या बँकेतील पितळी टोकनाची येथे आठवण व्हावी. चेक द्यावा, टोकन घ्यावे, बाकावर बसावे आणि नंबर पुकारला की उठावे. २०१८ मध्ये नील ब्राउन यांनी या यादीची रचना बदलली आणि बदलताना एक सोय ठेवली. ज्याचे नाव यादीत राहिलेले नाही आणि ज्याच्या मागेही कोणी खोळंबलेला नाही, त्याने निघताना यादीच्या टेबलाशी जाण्याचे कारण नाही, त्याने सरळ निघून जावे. हे टेबल साऱ्या संगणकासाठी एकच असते. त्यामुळे ही पळवाट नव्हती. अकारण गर्दी टाळण्याचा तो शहाणपणा होता.

परंतु त्या सोयीत एक बारीक भेग होती. यादी सांभाळणारा आधी नंबरावर काट मारी आणि मग हाक देई. काट आणि हाक यांच्यामधील निमिषात बाकावरच्या गृहस्थाने यादीत डोकावून पाहिले, आपल्या नंबरावर काट पाहिली आणि तो टेबलाकडे न जाता चालता झाला, तर हाक रिकाम्या जागेला दिली जाई. संगणकात ती जागा रिकामी राहत नाही. तेवढ्यात तेथे दुसरेच कोणी येऊन बसते आणि हाक भलत्याच्या कानी जाते. सोडून दिलेल्या स्मृतीस पुन्हा हात लावणे हा कर्नेलमधील फार घातक प्रकार समजला जातो, कारण त्यातून माहिती बिघडू शकते किंवा सारा संगणक बंद पडू शकतो. यांग एर्कुन या अभियंत्याने ही भेग हेरली आणि सरळ उपाय केला. त्याने ती सोयच काढून टाकली. यापुढे प्रत्येकाने, खोळंबा झाला असो वा नसो, निघताना टेबलाशी हजेरी लावून जावे.

उपाय निर्दोष दिसत होता, आणि धोका खरोखरच गेला होता. थोड्याच दिवसांत इंटेल कंपनीच्या स्वयंचलित चाचणीयंत्रणेने कळवले की कुलपे घेण्या-सोडण्याच्या एका चाचणीत कामाचा वेग ९६.६ टक्क्यांनी घसरला आहे. पूर्वी जेथे शंभर कामे उरकत तेथे आता साडेतीनही उरकत नव्हती. कोणाचेही कोणाशी भांडण नव्हते, एकाच्या कुलपाची दुसऱ्यास गरज नव्हती, तरी सारे त्या एका टेबलापुढे रांग लावून उभे होते. पूर्वी नीट चालत असलेली गोष्ट नव्या बदलाने बिघडली तर तिला ते लोक रिग्रेशन म्हणतात. आपण तिला पीछेहाट म्हणू.

आता शोधाची रीत पाहा. लिनक्सच्या एका आवृत्तीत बारा-चौदा हजार बदल सहज असतात. त्यांतील कोणत्या बदलाने घात केला हे एकेक तपासून कळणार नाही. म्हणून ज्या दिवशी सारे ठीक होते तो दिवस धरावा, ज्या दिवशी बिघडलेले दिसले तो दिवस धरावा आणि बरोबर मधला दिवस तपासावा. तेथे ठीक असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करावे. दर वेळी निम्मे क्षेत्र गळून पडते, आणि चौदा तपासण्यांत सोळा हजार बदलांतून नेमका एक हाती लागतो. टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बदलांच्या नोंदी ठेवण्यासाठी गिट नावाचे जे साधन केले, त्यात या शोधाची सोय आहे आणि आज यंत्रेही तो शोध घेतात. या रीतीत एक नैतिक गुण आहे, जो प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. शोध चालू असताना कोणाचाही संशय घ्यावा लागत नाही. ‘हे त्याचेच काम असणार’ असे म्हणण्यास तेथे वावच नाही. ‘कधीपर्यंत ठीक होते?’ एवढाच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, आणि नाव शेवटी, आपोआप, बाहेर येते.

नाव बाहेर आल्यावर दोन सोपे मार्ग होते. एर्कुनची दुरुस्ती उपटून टाकावी, म्हणजे वेग परत येईल; पण जुनी भेगही परत येईल. किंवा चाचणी कृत्रिम आहे, प्रत्यक्ष व्यवहारात एवढी घसरण दिसणार नाही, असे म्हणून स्वस्थ बसावे. आणि हे म्हणणे खोटेही नव्हते. तेथील मंडळींनी दोन्ही मार्ग सोडले. फाइलींच्या कुलपांचा विभाग सांभाळणारे जेफ लेटन, ती सोय मुळात ठेवणारे ब्राउन, ती काढणारा एर्कुन आणि स्वतः टोरवाल्ड्स यांनी प्रश्न असा मांडला की ती जुनी सोय कोणत्या गृहीतावर उभी होती, आणि ते गृहीत नेमके कोठे मोडते? उत्तर क्रमात सापडले. काट आधी आणि हाक नंतर, हा क्रम उलटावयाचा. हाक आधी द्यावी आणि यादी सांभाळणाऱ्याचे त्या गृहस्थाशी असलेले सारे काम संपल्यावर, अगदी शेवटी, काट मारावी. मग काट दिसली याचा अर्थ ‘आता तुझ्याशी माझे काही उरले नाही’ असाच होतो, आणि ती पाहून सरळ निघून जाणे निर्धोक ठरते. आजचे प्रोसेसर वेगासाठी लिहिण्या-वाचण्याचा क्रम आपल्या सोयीने मागेपुढे करतात, म्हणून हा क्रम मोडू नये अशी स्पष्ट आज्ञाही लिहावी लागली. जुनी सोय परत आली, भेगही बुजली. २९ मार्च २०२० रोजी लिनक्सची ५.६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली ती ही दुरुस्ती घेऊनच.

येथपर्यंत गोष्ट कौशल्याची झाली. मला थांबवले ते त्या शेवटच्या बदलाखालील चार-सहा ओळींनी. त्यांत कोणत्या आधीच्या बदलातील दोष आपण दुरुस्त करीत आहोत हे त्याच्या क्रमांकासह आणि शीर्षकासह लिहिलेले आहे. लेटन आणि टोरवाल्ड्स यांच्या सह्या आहेत. आणि ही दुरुस्ती तपासून पाहिली म्हणून दोन नावे आहेत, एक ब्राउन यांचे आणि दुसरे यांग एर्कुनचे. ज्याच्या भेगेवर पहिला इलाज झाला तो आणि ज्याच्या इलाजाने पीछेहाट झाली तो, दोघेही नव्या इलाजाचे परीक्षक म्हणून एका पानावर उभे आहेत. चूक झाकलेली नाही. चुकलेल्यांस दाराबाहेरही काढलेले नाही.

या मंडळींस साधू ठरवण्याचा माझा उद्देश नाही. त्यांचा समाज कडवट भाषेसाठी दीर्घकाळ कुप्रसिद्ध होता आणि टोरवाल्ड्स हे त्यातील अग्रणी. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही काळ काम बाजूस ठेवले, आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने वर्तनाचे नवे नियम स्वीकारले. यावरून एवढेच दिसते की खुली नोंद आपोआप माणुसकी शिकवीत नाही, ती वेगळी शिकावी लागते. पण नोंदच नसेल तर माणुसकी दाखवण्यास जागा तरी कोठे राहते?

बडोदेकरांस ही कल्पना अगदीच अनोळखी असू नये. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. प्रा. गो. ह. भट्ट, डॉ. प. ल. वैद्य, डॉ. उमाकांत शहा प्रभृती संपादकांनी निरनिराळ्या प्रांतांतील व लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहिली आणि पाठ निश्चित केला. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली तर त्या दोघींच्या मुळाशी एखादी समान पोथी असावी, असे अनुमान करीत मागे जाण्याची ही विद्या आहे. चूक कोणत्या पिढीत शिरली हे शोधण्याची, संगणकाच्या आधीची, तीच रीत. तो खंड उघडून पाहिला तर नाकारलेला पाठ फेकून दिलेला आढळत नाही. तो पानाच्या तळाशी, कोणत्या पोथीत आहे त्या खुणेसह, छापलेला असतो. संपादक म्हणतो, माझा निर्णय हा आहे, आणि तो ज्यांच्याविरुद्ध दिला तेही येथेच आहेत, तुम्ही पुन्हा तपासा. त्या अनामिक लेखनिकास कोणी मूर्ख म्हणत नाही. त्याची चूकही साक्षीदार म्हणून उपयोगी पडते.

आता ज्या कारणाने हा प्रश्न मला छळतो ते सांगणे भाग आहे.

१९८० च्या दशकात मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. सारी लेजरे हातांनी लिहिली जात. दर सहामाहीस सेव्हिंग खात्यांच्या शिलका उतरवून त्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. एका डिसेंबरात ती ४८० रुपयांनी जुळेना. त्या लेजरवर जे सहकारी बसत ते गुजराती, माझ्याहून वयाने मोठे, अक्षर मोत्यासारखे. वरून विचारणा झाली, त्यांच्याकडून खुलासा लिहून घेतला गेला, आणि त्यांना त्या खुर्चीवरून हलवून आवक-जावकेच्या टेबलावर बसवण्यात आले. खुलाशावर शेरा मारणारा हात माझा होता.

फरक मात्र तसाच राहिला, म्हणून मी शोधास लागलो. जूनमध्ये शिल्लक जुळली होती. म्हणून सप्टेंबरअखेरची प्रत्येक खात्याची शिल्लक पानांवरून उतरवली, ती जुळली. मग नोव्हेंबरच्या मध्याची. ती जुळली नाही. ऑक्टोबरअखेरची जुळली. असे करीत दोन आठवड्यांत, मग चार दिवसांत आणि अखेर एका दिवसात येऊन पोहोचलो. बँकेतील जुनी माणसे सांगत की फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची उलटापालट शोधावी, आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूस पडली आहे काय ते पाहावे. ४८० ला नऊने भाग जात नाही, पण तो आकडा सम आहे. म्हणजे उलटापालट नव्हती. मग त्या दिवसात २४० शोधले, आणि ते सापडले.

त्या सहकाऱ्यांच्या हातून २४० रुपयांचा एक चेक खात्यास नावे टाकण्याचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी तपासणीत ते माझ्या ध्यानी आले. ते रजेवर होते, म्हणून मीच लेखणी उचलून नोंद केली, आणि घाईत ती नावेऐवजी जमेच्या रकान्यात केली. खात्यात आधीच २४० जास्त होते; माझ्या दुरुस्तीने ते ४८० झाले. कारकुनाची प्रत्येक नोंद अधिकाऱ्याने तपासावी असा नियम होता. अधिकाऱ्याची नोंद तपासणारे त्या दिवशी कोणी नव्हते.

मी काय केले? ४८० रुपयांची उलट नोंद केली, शेजारी ‘फरक सापडला, दुरुस्त केला’ असे लिहिले, आद्याक्षरे घातली आणि व्यवस्थापकांस तोंडी कळवले की चूक त्या लेजरमध्येच निघाली. यातील एकही शब्द असत्य नव्हता. खुलासा फाइलीत राहिला, शेरा त्यावर राहिला, आणि ते सहकारी निवृत्तीपर्यंत आवक-जावकेवरच राहिले. आकडा मी दुरुस्त केला, नाव दुरुस्त केले नाही. मनाची समजूत अशी घातली की मूळ चूक त्यांचीच होती, आणि आता उकरून कोणाचे भले होणार? ‘झाले गेले’ हे वचन तेव्हा मला फार सोज्ज्वळ वाटले होते.

कोणी म्हणेल, दोष बँकेच्या पद्धतीचा. जेथे खुलाशामागून शिक्षा येते तेथे खरी नोंद कोण करील? हा आक्षेप वजनदार आहे. जेथे नाव घेण्याचा एकमेव परिणाम दंड असतो, तेथे लपवणे हाच व्यवहार होतो. कर्नेलच्या त्या नोंदीत नाव सहन करण्याजोगे होते, कारण नावाबरोबर आणखी दोन गोष्टींस जागा होती. मी असे का केले हे सांगण्यास जागा, आणि पुढच्या दुरुस्तीत माझा हात लागण्यास जागा. या दोन जागा नसतील तर नावाची नोंद म्हणजे केवळ पाटी गळ्यात अडकवणे होय. आमच्या खुलाशाच्या कागदावर पहिलीस नावापुरती जागा होती, दुसरीस नव्हती. त्या सहकाऱ्यांस पुन्हा त्या लेजरपाशी बोलावून ‘या, आपण दोघे मिळून पाहू’ असे कोणी म्हटले नाही.

पण पद्धतीकडे बोट दाखवून मी सुटतो असे मला वाटत नाही. शिक्षेची भीती त्यांना असावयास हवी होती, मला नव्हे. अधिकारी मी होतो. त्या कागदावर एक ओळ जास्त लिहिण्यास मला कोणी अडवले नव्हते. फाइलीच्या कुलपासारखेच हे आहे. न मागता आत शिरणाऱ्याचा हात कोणी धरीत नाही, सारे त्याच्या शिस्तीवर सोडलेले असते. म्हणूनच मला असे वाटते की चूक शोधणाऱ्याचे काम आकडा जुळल्यावर संपत नाही. ती कोठे शिरली, कोणत्या चांगल्या हेतूने शिरली आणि तिच्यापायी कोणाच्या माथी काय बसले, हे लिहून ठेवणे हा त्या शोधाचाच उरलेला भाग आहे. तो टाळला तर अर्धे राहिलेले काम पुरे झाल्याची आपण सही करतो.

भाचा गेल्यानंतर आठवड्याभराने मी त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, कानांनी कमी ऐकू येते. मी मोठ्याने, त्यांच्या सुनेसमोर, सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, ते पान मी त्याच आठवड्यात पाहिले होते. अक्षर तुमचे होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोणाला बोलणार? खुलासा तपासणारे तुम्हीच होता.” आणि माझा चेहरा पाहून त्यांनीच वर म्हटले, “वांधो नहीं.”

चहा झाला. मी निघालो तेव्हा त्यांनी सुनेकडून एक कोरा कागद मागवला आणि म्हणाले की आत्ता जे सांगितलेत ते यावर लिहून द्या, गुजरातीत लिहा, म्हणजे मुलगा वाचू शकेल. मी लिहिले. चेकची रक्कम, त्यांची चूक २४० ची, माझी दुरुस्ती चुकीच्या रकान्यात, एकूण फरक ४८०, आणि खुलाशावरचा शेरा माझा. खाली सही केली, तारीख घातली. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझ्या एका ओळीत ‘जमा’ आणि ‘उधार’ यांची अदलाबदल झालेली त्यांना दिसली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आणि शेजारी आपली सही केली.